दोरकड्याची गाठ

मोहळगडाच्या मावळतीला जो उभा कडा आहे, त्याचे नाव दोरकडा. काठावर पालथे पडून हात खाली घाला, म्हणजे दगडात एक खाच लागेल. कोपरापर्यंत हात आत जातो आणि आतून ती रांजणासारखी गुळगुळीत आहे. पुष्कळांना वाटते ती पाण्याने पडली असेल. ती दोराने पडली आहे, माणसे खालीवर करणाऱ्या दोराने. तिच्यातून शेवटचा दोर गेला त्याला किती पिढ्या झाल्या ते आज कोणी सांगू शकत नाही.

कड्याच्या पायथ्याशी करवंदीच्या जाळीत अनघड दगडांची एक ओळ आहे. तेवीस दगड. त्यांच्यापासून चार पावलांवर चोविसावा, एकटा. त्यांना शेंदूर नाही, पुजारी नाही, जत्रा भरत नाही. पायरवाडीची माणसे वर्षातून एकदा जाऊन आजूबाजूचे गवत काढतात आणि न बोलता परत येतात.

तुम्ही शहरातली माणसे अलीकडे कमरेला रंगीत दोर आणि लोखंडी कड्या लावून हा कडा उतरायला येता. या, आमची ना नाही. पण एखादी गाठ अडकली की तुम्ही चाकू काढता आणि आमच्यातला कोणीतरी तुमचा हात धरतो, तेव्हा रागावू नका. पायरवाडीत दोर कापत नाहीत. आणि गाठ ज्याने बांधली त्यानेच ती सोडायची असते. बैल विकला तर विकणारा घेणाऱ्याच्या गोठ्यापर्यंत जातो आणि आपल्या हाताने दावे सोडून देतो. लग्नात शेल्याला गाठ मारणारी करवली वऱ्हाडाबरोबर निघून गेली, तर नवरानवरी तशीच बसून राहतात. एकदा तर करवली एसटी पकडून पार तालुक्याला गेली होती, आणि ती दुसऱ्या दिवशी परत येईपर्यंत नवरदेवाला परसाकडे जायचीही चोरी झाली. ही हसण्याची गोष्ट झाली. पण हा रिवाज ज्याच्यामुळे पडला ती गोष्ट हसण्याची नाही. आमच्या म्हाताऱ्यांनी जशी सांगितली तशी सांगतो. पटली नाही तर सोडून द्या, पण मध्ये थांबवू नका.

मोहळगडाला दरवाजा एकच, तोही उगवतीला. मावळतीच्या अंगाने माणूस, धान्य, चुना, काहीही वर घ्यायचे तर दोराने घ्यावे लागे. काठावर एक दगडी खुंट होता. त्याला दोराचे वेढे देऊन चार गडी दोर सोडत आणि खाली बांबूचा मोठा हारा लोंबकळत जाई. हे दोर वळणारे एक घर गडावर होते. अंबाडीचा वाख भिजवायचा, कुटायचा, पीळ द्यायचा, हेच त्यांचे पिढीजात काम. त्या घराचा एक नेम असे. दोरावर परके माणूस बसायच्या आधी घरातला एक जण हाऱ्यात बसून खाली जाई. पोचला की दोराला दोन हिसके देई आणि तिथेच थांबे, मागून येणाऱ्याला हात द्यायला. त्यामुळे मोहळगडाच्या दोरावर शत्रूचाही विश्वास होता असे सांगतात, आणि गोष्टीतले वाईट इथूनच सुरू होते.

त्या वेळी घरात दोघे भाऊ होते. थोरला बयाजी, धाकटा मालू. मालूपेक्षा बयाजी बारा वर्षांनी मोठा. दुष्काळात आईबाप गेले तेव्हा मालू दोन वर्षांचा होता, आणि बयाजीने त्याला पाठीवर बांधून दोर वळले. दुष्काळात गडाचे धनी अर्जोजीराव यांनी आपले कोठार उघडले होते. बयाजीच्या दारात ते स्वतः आले, आणि पोराच्या पोटाला हात लावून म्हणाले की हा जगला पाहिजे. मालू जगला तो त्या नाचणीवर. बयाजी हे कधी विसरला नाही. धन्याने ऊठ म्हटले की उठायचे, बस म्हटले की बसायचे, एवढाच धर्म त्याला ठाऊक होता. पुढे त्याने मालूचे लग्न करून दिले. सगुणा नावाची सून घरात आली. बयाजीची बायको बाळंतपणात गेली होती, त्यामुळे त्यालाही सगुणेच्याच हातचे जेवण असे.

खालच्या खोऱ्याच्या देशमुखांचे आणि अर्जोजीरावांचे हाडवैर. एका चैत्रात खोऱ्यातली चाळीस माणसे शेळ्यांच्या वाटेने चढून गडाच्या माचीवर आली. हातघाई झाली. अर्जोजीरावांचा एकुलता एक मुलगा रायाजी तिथे पडला. गडकऱ्यांनी वरून धोंडे लोटले आणि ती शेळ्यांची वाट तुटून गेली. उरलेले तेवीस जण माचीवर अडकले. पुढे जायला वाट नाही, मागे फिरायला वाट नाही, प्यायला पाणी नाही. चैत्राच्या उन्हात तीन दिवस ते तापलेल्या कातळावर बसून होते. तिसऱ्या दिवशी त्यांचा म्होरक्या सिदोजी याने हात वर केले.

अर्जोजीराव मुलाची राख भरून नुकतेच परतले होते. सगळ्यांना वाटले, आता कत्तल होणार. पण त्यांनी गडदेवीसमोर बेलभंडारा उचलला आणि शब्द दिला की हत्यारे टाका, तुमच्यापैकी कोणालाही मी शस्त्र लावणार नाही, दोरकड्यावरून खाली सोडतो. सिदोजीने एकच अट घातली. रिवाजाप्रमाणे घरचा माणूस आधी उतरावा. अर्जोजीरावांनी तीही मान्य केली. गडावरच्या माणसांना धन्याच्या मोठेपणाने भरून आले म्हणे. बयाजीच्या डोळ्यांत तर पाणीच आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्जोजीरावांनी त्याला कड्यावर एकट्याला बोलावले. बुरूज बांधताना मुरूम खाली टाकायला बयाजीने एक हारा केला होता, तो त्यांना हवा होता. त्या हाऱ्याचा तळ वेगळा होता. तो एका बाजूने शिवलेला आणि दुसऱ्या बाजूने एका गाठीवर तोललेला असे. ती निसरगाठ. तिला एक बारीक दोरी असे आणि दोरीचे टोक वर बयाजीच्या हातात. हारा कड्याच्या मध्यावर गेला की बयाजी दोरी ओढी, तळ उघडे आणि मुरूम खाली जाई. मणाचा भार असला तरी आधी सुटायची नाही आणि ओढली की थांबायची नाही, अशी गाठ त्याच्याशिवाय कोणाला मारता येत नसे.

बयाजीला समजायला वेळ लागला. समजले तेव्हा तो खाली बसला.

"धनी, बेलभंडारा उचललाय तुमी," तो म्हणाला.

"उचलला आहे. शस्त्र लावणार नाही म्हणालो, लावणार नाही. खाली सोडतो म्हणालो, सोडतो. किती वेगानं सोडतो ते त्यांनी विचारलं नाही."

असे बोलताना ते हसले नाहीत, की त्यांचा आवाज चढला नाही. मुलाच्या राखेचा वास अजून त्यांच्या अंगरख्याला येत होता. मग त्यांनी विचारले की तुझा मालू आता किती वर्षांचा झाला. चोवीस, बयाजीने सांगितले. रायाजीही चोवीसच वर्षांचा होता, ते म्हणाले, आणि तुझा माझ्या नाचणीवर जगला.

 बयाजीने एवढेच विचारले की दुसरा कोणी दोरी ओढेल का. अर्जोजीराव म्हणाले, गाठ तुझी, हात तुझा. बयाजीने मनाला समजावले की पाप हुकूम देणाऱ्याचे, हात नुसता हात असतो. असे समजावणारे मन माणसापाशी नेहमी तयार असते. तो उठला आणि हारा काढायला गेला.

आता आधी उतरणार कोण? बयाजीला वरच थांबायचे होते. घरात दुसरा एकटा मालू. मालूला खरे सांगितले असते तर तो उतरला नसता, उलट माचीवर जाऊन त्या तेवीस जणांना सांगून मोकळा झाला असता. बयाजी त्याला ओळखून होता. म्हणून त्याने त्याला काहीच सांगितले नाही. त्याने हाऱ्याचा तळ पक्क्या गाठीने बांधला आणि मालूला बसवले. मालू भावाकडे बघून म्हणाला की शत्रूला जिवंत सोडणारा धनी बघायला मिळाला, आपले भाग्य. मग तो खाली गेला. थोड्या वेळाने दोराला दोन हिसके बसले. माचीवरून गडात शिरणाऱ्या चोरदरवाज्यात उभ्या असलेल्या सिदोजीने ते हिसके पाहिले आणि आपल्या माणसांना मान हलवून इशारा केला.

दोरकड्याला मध्यावर पोट आहे. काठावरून पाहिले तर पायथा दिसत नाही. वारा इतका असतो की खालची हाक वर येत नाही. माणसे एकेक करून आणायची, हाऱ्यात बसवायची. बारीक दोरी कशाला, असे कोणी विचारले तर सांगायचे की वाऱ्याने हारा फिरू नये म्हणून. पहिला बसला तो पिकल्या मिशांचा माणूस होता. तीन दिवसांच्या तहानेने त्याचे ओठ फुटले होते. त्याने बयाजीला विचारले की खाली ओढ्याला पाणी आहे का. आहे, बयाजी म्हणाला. हारा पोटाखाली गेला, बयाजीने दोरी ओढली आणि हातातला भार एकदम हलका झाला. गड्यांनी उरलेला दोर तसाच सोडला. सगळा दोर गेल्यावर बयाजीने आपल्या हाताने त्याला दोन हिसके दिले. चोरदरवाज्यातल्या लोकांनी पाहिले की त्यांचा माणूस पोचला.

खाली मालू उभा होता. त्याच्यासमोर तो माणूस कातळावर पडला आणि मागून रिकामा हारा आला, तळ उघडा. मालूला काय वाटले असेल? त्याला वाटले, भावाची गाठ सुटली. मुरुमाचा हारा चुकून घेतला गेला असेल, घाईत गाठ ढिली राहिली असेल. त्याने हाका मारल्या. त्या वाऱ्यात गेल्या. मग त्याने तळ वर ओढला आणि स्वतः पक्की गाठ मारली, दातांनी आवळून. हारा वर गेला.

वर बयाजीच्या हातात ती गाठ आली. हारा भिंतीआड तयार करायचा असल्याने कोणी पाहत नव्हते. मालूला गाठ मारायला त्यानेच शिकवले होते. त्याने ती सोडली, निसरगाठ मारली आणि दुसऱ्याला बसवले.

दुसऱ्या खेपेला मालूची गाठ दुहेरी होती. तिसऱ्या खेपेला त्याने ती थुंकीने ओली केली होती, कारण ओला वाख वाळला की आवळतो. बयाजी नखांनी उकलत बसला. चौथ्या खेपेला गाठीवर रक्त होते, आणि ते कोणाचे हे बयाजीने स्वतःला विचारले नाही. पाचवा, सहावा, सातवा. कोणी हात जोडून बसले, कोणी देवाचे नाव घेतले, एकाने अर्जोजीरावांना लांबूनच मुजरा केला. सातवा गेल्यावर हारा वर आला तेव्हा गाठीवर मालूचा करदोटा गुंडाळलेला होता. जन्मल्यापासून मरेपर्यंत पुरुषाच्या कमरेला असतो तो करदोटा. तो बांधला होता बयाजीनेच, मालू दोन वर्षांचा असताना, दुष्काळात पोट खपाटीला गेले म्हणून जुना सैल झाला तेव्हा. त्यानंतर दरसाल नवा बांधायचाही तोच.

त्याला कळले की मालूला सगळे कळले आहे. त्याने करदोटा उकलला आणि आपल्या मुंडाशात खोचला. मग त्याने निसरगाठ मारली. आमचे म्हातारे इथे थोडे थांबत. बयाजीला चांगले म्हणावे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे लक्षात ठेवावे म्हणत, की करदोटा हातात आल्यावरही त्याने आणखी चार माणसे सोडली.

अकरावा गेला. बयाजीने दोराला हिसके द्यायला हात लावला, तोच दोराला खालून दोन हिसके बसले.

खरे हिसके. चार गड्यांनी एकमेकांकडे पाहिले. दोर ओढू लागले तसा तो जड लागला. बयाजीने दोर तळहातावर घेतला आणि तोलून पाहिला. हजार वेळा त्याने हे वजन खालीवर केले होते. अर्जोजीराव पुढे आले. ओढ दोरी, म्हणाले. बयाजीने ओढली. तळ उघडला नाही. मालूने स्वतःखाली स्वतःची गाठ मारली होती.

"धनी, मालू हाय," बयाजी म्हणाला.

"ठाऊक आहे. वर आला तर तो बोलेल."

"त्याला मी गप करतो. माझा भाऊ हाय त्यो. तुमच्याच नाचणीवर जगलाय."

"मग माझ्याच कामी येऊ दे," अर्जोजीराव म्हणाले, आणि दोर छाटायचा कोयता उचलून त्यांनी तो बयाजीपुढे धरला. "तू करतोस, का मी करू?"

बयाजीने कोयता घेतला नाही. धन्याचा हातही धरला नाही. तो दोर धरून उभा राहिला, एवढेच. अकरा जण लोकांचे भाऊ होते तेव्हा त्याचा हात नुसता हात होता. आता तो हात भावाचा झाला, पण तरीही धन्यावर उठला नाही. अर्जोजीरावांनी त्याच्या मुठीखाली वीतभर अंतरावर दोर तोडला. मुठीत टोक राहिले. मालूने ओरडूनही पाहिले नाही असे सांगतात. ओरडला असेल तर वाऱ्यात गेले.

तेव्हा कुठे बयाजीला वाचा फुटली. त्याने चोरदरवाज्याकडे तोंड करून ओरडून सांगितले, बसू नका, खाली कोणी पोचलं नाही. पण बसायला आता हारा कुठे होता, आणि पळायला वाट तरी कुठे होती. शस्त्र लावणार नाही हा शब्द अर्जोजीरावांनी शेवटपर्यंत पाळला. उरलेल्या बारा जणांना माचीच्या कडेला नेले आणि लांब बांबूंनी लोटले. सिदोजी बांबू धरून राहिला, तर त्याची बोटे ठेचली. मग देवीची ओटी भरली.

आता कोणी म्हणेल, बयाजी तरी वाचला कसा? धन्यासमोर ओरडला, शत्रूला सावध केले. अर्जोजीराव त्याच्याकडे बघून म्हणाले म्हणे, की दोर वळणारे दुसरे घर गडावर नाही. त्याला पायथ्याचे एक वावर इनाम दिले. आणि बयाजीने ते घेतले. सगुणेला सांगितले गेले की मालूचा हात सुटला. सांगितले बयाजीनेच. तिने कपाळ पुसले, आणि दुसऱ्या दिवशी दिराला भाकरी वाढली. सहा वर्षे ती त्याला भाकरी वाढत होती आणि सहा वर्षे तो खाली मान घालून खात होता. त्याने नवा दोर वळला. आधीच्यापेक्षा चांगला. मालूचा करदोटा त्याने त्या दोराच्या पिळात घातला होता असे सांगतात, पण ते आमच्यापैकी कोणी पाहिलेले नाही.

सातव्या वर्षी खालच्या खोऱ्यातून मोठी फौज आली. तेवीस जणांचे काय झाले हे खोऱ्याला कळले होते. अशा गोष्टी कड्याखाली राहत नाहीत. उगवतीचा दरवाजा दुपारी फुटला. अर्जोजीराव नऊ गड्यांना घेऊन दोरकड्यावर आले. उतरायला तेवढीच वाट होती आणि ती शत्रूला अडवता येत नव्हती.

बयाजी हारा घेऊन उभा होता. साधा हारा, तळाला चार आडव्या दोऱ्या आणि एक पक्की गाठ. अर्जोजीरावांनी विचारले, दोर पक्का आहे ना? घरचं माणूस आधी उतरतं, बयाजी म्हणाला. घरात पुरुषमाणूस आता तो एकटाच होता. तो हाऱ्यात बसला, गड्यांनी दोर सोडला आणि थोड्या वेळाने दोन हिसके बसले. हारा वर आला.

अर्जोजीरावांनी एक पाय हाऱ्यात ठेवला. मग तो काढून घेतला. त्या दिवशीही पहिला सुखरूपच उतरला होता. त्यांनी एका गड्याला म्हटले, आधी तू. तो गेला. दोन हिसके बसले. पण हिसके काय, कोणीही देते. दुसरा गेला. त्यालाही काही झाले नाही. अर्जोजीराव दर वेळी वाकून गाठ बघत, बोटाने चाचपत, ओढून पाहत. गाठ हलत नव्हती. त्या दिवशीची गाठही अशीच, ओढेपर्यंत हलत नव्हती. आधी तू. आधी तू. बालेकिल्ल्यावर आरडाओरडा ऐकू येऊ लागला होता. शेवटचे दोन गडी म्हणाले, धनी, आता बसा, नाहीतर आम्ही गेल्यावर तुम्हाला सोडणार कोण? आधी तुम्ही, अर्जोजीराव म्हणाले. त्या दोघा गड्यांनी खुंटाला दोर अडकवला आणि ते दोराला धरून स्वतःच घसरत उतरले.

दोर तसाच खुंटाला होता. खाली पोचायला त्याच्याइतका पक्का दोर साऱ्या मुलखात नव्हता. अर्जोजीराव त्याच्या शेजारी बसून राहिले. खोऱ्याची माणसे आली तेव्हा त्यांचा हात दोरावर होता आणि दोर धरवत नव्हता. त्यांना मारायचे नव्हते. देशमुखांना ते जिवंत हवे होते. म्हणून त्या लोकांनी हारा वर घेतला, त्यांना आत बसवले, हात बांधले आणि सांगितले की आमची माणसे सोडली त्याच वाटेने जा. त्यांनी हळूहळू दोर सोडला. जराही हिसका न देता.

हारा खाली आला. बयाजीने त्याला हात दिला. तळाची गाठ जशीच्या तशी होती आणि धनी मेलेले होते. अंगावर ओरखडा नव्हता. डोळे उघडे, तळाकडे लागलेले. कड्याच्या पोटाखाली केव्हातरी त्यांचा जीव गेला होता.

पायथ्याशी तोवर गाव जमला होता. सगुणाही आली होती. खोऱ्याच्या म्हाताऱ्याने, सिदोजीच्या बापाने, विचारले की त्या दिवशी दोरी कोणाच्या हातात होती.  ते सांगू शकणारे नऊ गडी तिथेच उभे होते, पण कोणी पुढे झाले नाही.

"अकरा माजे," बयाजी म्हणाला. मग तो सगुणेकडे वळला. "आन् मालूचा हात सुटला न्हाई. दोर तोडला. मी धरून हुबा व्हतो, तोडू दिला."

लोकांना वाटले म्हातारा तलवार काढेल. पण त्याने आधी सगुणेकडे पाहिले. सहा वर्षे तिने या माणसाला भाकरी वाढली होती, हे त्याला कोणी सांगितले असेल किंवा नुसते तिच्या तोंडाकडे पाहून कळले असेल. त्याने ती गोष्ट तिच्यावर सोडली. हिचा नवरा माझ्या माणसांसाठी दोराला लटकला, म्हणाला, हिने सांगावे.

 सगुणेने हाऱ्याच्या तळाची दोरी घेतली, बयाजीचे दोन्ही हात पुढे धरले आणि मनगटांवर गाठ मारली, दातांनी आवळून, थुंकीने ओली करून, जशी तिच्या नवऱ्याने मारली होती. तिला ते ठाऊक नव्हते. दोर वळणाऱ्यांच्या घरात सगळ्यांना एकच गाठ येते.

ती गाठ तिने कधी सोडली नाही. बांधल्या हातांनी बयाजी जगला. सगुणा त्याला रोज घास भरवी. वेळ चुकवली नाही आणि एक शब्द बोलली नाही. खोऱ्याच्या माणसांनी मेलेल्यांचे दगड लावले, मालूचा वेगळा लावला. बयाजी रोज तिथे जाऊन बसे आणि कोणी आले की सगळे सांगे, करदोट्यासकट, काही न गाळता. ही गोष्ट आमच्यापर्यंत आली ती त्याच्याच तोंडून.

अकराव्या वर्षी सगुणा तापाने गेली. तिला पोचवून आल्यावर गावकरी बयाजीकडे आले. झाले ते झाले, म्हणाले, आता सोडतो. कोणी कोयता आणला होता. बयाजीने हात छातीशी ओढून घेतले.

"जिनं बांधली तिनं सोडायची," तो म्हणाला. "मी दुसऱ्याच्या गाठी लई सोडल्या."

दोन वर्षे त्याला गावाने भरवले. मेला तेव्हा ते हात तसेच बांधलेले होते आणि तसेच त्याला जाळले. त्याचा दगड लावला नाही. कुठे लावायचा यावर गावात बरेच दिवस बोलणे झाले. तेवीस जणांच्या ओळीत त्याला जागा नव्हती, आणि भावाच्या शेजारी ठेवायला कोणाचा हात धजेना. वरचा दोर कोणी कापला नाही. तो खुंटाला लोंबत राहिला, उन्हापावसात कुजला आणि एका पावसाळ्यात आपणहून पडला.

आजही आमच्याकडे मेलेल्या माणसाने बांधलेली गाठ कोणी सोडत नाही. दाव्याची असो, छपराची असो, कणगीची असो, ती कुजून सुटेपर्यंत तशीच राहते. तुम्ही खाली उतरलात की दगडांपाशी या. करवंदी खा, सावलीत बसा. फक्त तुमच्या पिशवीची गाठ तुमची तुम्ही सोडा. आम्हाला सांगू नका.